आतलं माप

मुदत संपली गुरुवारी.
माझा दुसरा अहवाल पोचला पुढच्या सोमवारी नव्हे,
त्याच्याही पुढच्या.
वरातीमागून घोडं, असं मनात म्हणत
मनामाच्या कोर्टाच्या पायऱ्या चढलो,
बगलेत फाईल, खिशात मोजायची टेप.
इथे मला म्हणतात खबीर.
ज्याला खबर असते तो.

घर मुहर्रकचं. प्रवाळाचा दगड, चुना,
छताला चंदलच्या बल्ल्या.
आमच्या श्रीवर्धनला त्याच लाकडाला कांदळ म्हणतात,
समुद्र ओलांडताना पहिलं अक्षर बदललं असावं.
तीन भाऊ, एक बहीण, बद्रिया.
घर पाडून सात मजले उठायचे आहेत
आणि त्याआधी ठरायचा आहे
ज्याच्या त्याच्या वाट्याचा भाव.
बद्रियाचा वाटा मागचा.
पहिल्या अहवालात, पान सहावर, मी लिहिलं होतं:
रस्त्याला दार नाही.
तीन शब्दांत तिची किंमत अर्ध्यावर आली.

मग एका रात्री, उगाच,
आकडे पुन्हा बेरजेला घेतले.
बाहेरून चौदा मीटर वीस.
आतून, खोल्या आणि भिंती धरून, बारा ऐंशी.
एक मीटर चाळीस गेले कुठे?
माणसं लपवतात. घर का लपवेल?

सकाळी गेलो. रखवालदार शफीकुलने बॅटरी धरली.
बोटाच्या पेरानं ठोकत गेलो
आणि एका जागी भिंत भांड्यासारखी बोलली.
गिलाव्यामागे जिना. अकरा पायऱ्या.
खाली सागवानी दार, खिळे ठोकून बंद,
बाहेरच्या अंगाला सिमेंटचे ठोकळे, वर निळा रंग,
आणि त्या रंगापलीकडे थेट रस्ता.
जिन्यात काही नव्हतं.
एक प्लास्टिकचा मग, आणि
इतक्या वर्षांचा गारवा.

बद्रियाला सांगितलं तर ती हसलीही नाही.
"याच दारानं मी शाळेत जायचे.
अब्बा गेले, भावांनी बुजवलं.
तुम्ही विचारलं कुठे?"

कोर्टात भावांचा वकील उठला.
"मिस्टर हुर्झुक, एकच प्रश्न.
ही गोष्ट मुदतीच्या आत कळू शकली असती का?"
सगळं त्या एका प्रश्नावर अडकलेलं.
कळूच शकली नसती, तर उशीर माफ.
कळू शकली असती, तर कागद बाहेर,
दार पुन्हा भिंतीत.

आमच्या वकिलानं पढवून ठेवलं होतं:
गिलाव्याखालचं कुणाला दिसणार?
खोटं नव्हतं ते.
फक्त ऑगस्टमधली ती दुपार त्यात नव्हती.
पंचेचाळीस डिग्री, गाडीत एसी सुरू,
मांडीवर पालिकेचा जुना नकाशा,
आणि आतली मापं त्यावरूनच
उतरवून घेत बसलेला मी.

बद्रिया तिसऱ्या बाकावर होती.
तिच्याकडे पाहिलं नाही.

म्हणालो, "हो. कळू शकली असती.
पहिल्या दिवशी आत जाऊन टेप धरली असती तर.
चूक घराची नाही, बाईंचीही नाही."
दुभाषी थांबला. हळूच म्हणाला,
"हे असंच सांगू?"
असंच सांग.

अरबीत माझी चूक
माझ्यापेक्षा बरीच रुबाबदार वाटली.
आमच्या वकिलानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
माझी फी गेली, एवढं मला कळलं.
बद्रियाचं काय गेलं, ते कळायचं होतं.

न्यायाधीश बराच वेळ पानं उलटत होते.
कुठल्या अहवालाची, ते दिसेना.
मग मान वर न करता विचारलं,
"दार किती रुंद?"

भावांचा वकील ताडकन उभा:
हरकत आहे, हा कागद अजून दाखलच नाही!

तोवर मी बोलून गेलो होतो.
नव्वद सेंटिमीटर.
या वेळी आतून मोजलेले.

त्यांचा हात टेबलावर हलला.
लिहून घेतलं
की नुसता चष्मा सरकवला,
मी उभा होतो तिथून दिसलं नाही.